मुरूम लागेपर्यंत

“एकच सांगा, बाई. उंच काय असायला पाहिजे? क्रूस की झेंडा?”

मार्थाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी टरफल फुंकलं, दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी शेंगदाण्याला वेळ लागतो.

“आधी सलाम तरी कर,” त्या म्हणाल्या.

स्तवन साळवेनं घाईघाईनं सलाम केला. पोरगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. सकाळच्या एसटीनं गावी आला होता, आणि प्रश्नाचं उत्तर काय हवं तेही बरोबर घेऊनच आला होता.

बोरविहीरच्या ख्रिस्ती मंडळीची एक जुनी रीत आहे. पंचांना जे सुटत नाही ते बाईंच्या ओट्यावर येतं. बाई पाळक नव्हत्या की पंच नव्हत्या. त्या बायबलबाई. खांद्याला पिशवी अडकवून उभं आयुष्य चाळीस गावं पायी फिरल्या, बायांना शास्त्र वाचून दाखवलं, कुणाची पत्रं लिहिली, कुणा बाळंतिणीला पेज भरवली. त्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

या खेपेचं प्रकरण मात्र नाजूक होतं.

गेल्या सव्वीस जानेवारीला चर्चच्या आवारात झेंडावंदन झालं. स्तवननं मोठ्या हौसेनं फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी त्यावर लाल वर्तुळ काढलं आणि लिहिलं, ‘क्रूस वर, झेंडा खाली. कळलं ना यांचा देश कुठला ते?’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. स्तवननं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं एकही नाही. त्याचं वर्ष तसंच गेलं.

शेवटी त्यानं लोखंडात उत्तर द्यायचं ठरवलं. मामाच्या वेल्डिंगच्या दुकानातून तीस फुटी पाइप आणला, वर कप्पी बसवली, पांढरा रंग दिला. मग मोबाइल क्रूसावर रोखून उंची मोजली. जमिनीपासून सव्वीस फूट.

झालं! निम्मी मंडळी म्हणाली, शाबास. निम्मी म्हणाली, क्रूसाच्या डोक्यावर काही चढलेलं आम्ही बघणार नाही. दुपारपर्यंत आवाज असे चढले की पंचांचे प्रमुख रणनवरे गुरुजी हात जोडून म्हणाले, “यंदा आवारात झेंडाच नको. सगळे शाळेत जाऊ.”

म्हणजे स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच उद्या, सव्वीस जानेवारीला, चर्चचं आवार बिनझेंड्याचं राहणार होतं. आणि ते स्तवनमुळे. हसणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळणार होतं.

“बाईंचा शब्द आण, मग बघू,” गुरुजींनी शेवटचं सांगितलं होतं.

“सांगा ना, बाई.”

“तुला काय वाटतं?”

“झेंडा उंच पाहिजे. पुन्हा कुणाची बोलायची टाप राहणार नाही.”

“अन् देव?”

“देवाला राग नाही यायचा. लोकांनाच येतो.”

बाईंनी आता कुठं त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगं अगदीच वाया गेलेलं नव्हतं.

“उभा कर तुझा खांब.”

“म्हणजे झेंडा उंच? तसं सांगू सगळ्यांना?”

“उभा कर, म्हणते ना.”

स्तवन उड्या मारतच आवारात आला. तरुण संघाची चार पोरं धरली, दोन फूट खड्डा खणला, पाइप उभा केला. बुडाशी दगड कोंबले, माती लोटली, पायांनी धोपटली. तासाभरात काम फत्ते. त्यानं मोबाइल रोखला.

“अठ्ठावीस! दोन फूट वर!”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्यांना खांब पसंत नव्हता तेही कडेला येऊन उभे राहिले, तोंड वाकडं करून का होईना.

बाई काठी टेकत आल्या. वर त्यांनी पाहिलंच नाही. खांबाच्या बुडाशी पाहिलं.

“झेंडा आणू, बाई? बांधून बघू?”

“झेंडा नको. नुसती दोरी ओढ.”

“नुसती?”

“वारा ओढतो तशी.”

स्तवननं दोरी ओढली. खांब जरासा कलला. आणखी ओढली… बुडाशी माती उकलली, एक दगड टुणकन बाहेर आला.

“पळा!”

तीस फुटी खांब धाडकन आवारात आडवा झाला. कोंबड्या कुंपणापार गेल्या.

धुरळा बसला. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

बाईंनी काठीचं टोक स्तवनच्या मोबाइलकडे केलं.

“आता मोज.”

आडव्या पाइपची उंची दोन इंच भरते. त्याला मोबाइल लागत नाही.

आवाज ऐकून शेजारच्या वावरातून सोपानतात्या कर्डिले आले. विहिरी खणण्यात त्यांची हयात गेलेली. बोलावलं कुणी नव्हतं, पण हातात पहार होती. त्यांनी खड्ड्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

“आरं, ही काळी माती! पावसात फुगती, उन्हात फाटती. हिच्यात खांब रवत्यात व्हय? खालचा घट्ट मुरूम लागंस्तवर जायाचं.”

“मुरूम किती खोल आहे, तात्या?”

“पाच फूट तरी.”

स्तवननं वजाबाकी केली आणि त्याचा चेहरा पडला. तिसातून पाच गेले, राहिले पंचवीस.

“मग खांब क्रूसाच्या खालीच राहील, बाई!”

बाईंनी तात्यांच्या पहारेकडे बोट केलं.

“नाही तर असं करू. दोन फुटांवरच सिमेंट ओतू.”

“उद्या सकाळी सातला झेंडा. सिमेंट तुझ्या घाईनं वाळतं का?”

यावर पुण्याच्या कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. स्तवननं मोबाइल वर दगडावर ठेवला आणि पहार घेतली.

तो खणत राहिला. पोरं घमेल्यानं माती उपसत राहिली. वर मोबाइल दोनदा थरथरला, कुणाला काय हवं होतं कोण जाणे. स्तवनला वाटलं, वर्षभर आपण नुसती हजेरीच देतोय. पुण्यात सिद्ध करायचं की मी इथलाच आहे. गावात सिद्ध करायचं की पुण्यानं मला बिघडवलेलं नाही, रविवारी मी चर्चला जातो. दोन्हीकडे कुणीतरी नाव पुकारणारा बसलेला, आणि आपण दोन्हीकडे हात वर करून उभे. त्याला स्वतःचीच चीड आली. ती त्यानं मातीवर काढली.

चार फूट झाले. तो थांबला, घाम पुसला, आणि त्याला एकदम सुचलं.

“बाई! इथंच थांबू. चार गेले, राहिले सव्वीस. क्रूस सव्वीस, खांब सव्वीस. बरोबरी!”

“वा!” कडेला उभे असलेले गुरुजी म्हणाले. “उत्तम तोडगा.”

दोन्ही बाजूंच्या माना हलल्या. सकाळपासून पहिल्यांदाच मंडळीचं एकमत झालं होतं.

बाईंनी काठी खड्ड्यात सोडली. तळाशी टेकवली. दाबली… काठी चार बोटं आत गेली.

“शिरतीय अजून.”

“एका फुटानं काय होतंय, बाई?”

“शिरतीय.”

स्तवन खड्ड्यात तसाच उभा राहिला. छातीपर्यंत काळी माती. हा एक फूट त्यालाच खणायचा होता, म्हणजे खांब त्याच्याच हातानं खाली जाणार होता. तोडगा सुचला, सगळे खूश झाले, आणि ही म्हातारी काठी काढायला तयार नव्हती.

“ते पुन्हा हसतील, बाई.”

“हसू दे.”

“म्हणतील, हा देश तुझा नाही.”

बाई खाली बसल्या, खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून.

“तू कुठं उभा हायेस?”

“…खड्ड्यात.”

पोरं खो खो हसली. सोपानतात्याही हसले. बाई हसल्या नाहीत.

“अन् खड्डा कुठं हाय?”

स्तवननं हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत माती. नखांत माती, कानात माती, दातांखाली कचकचणारी तीच.

त्यानं हात पुसले नाहीत.

मग त्यानं पहार उचलली.

शेवटचा फूट त्यानं एकट्यानं खणला. पोरं उतरू पाहत होती, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं. राग केव्हा गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. नुसती पहार उठत होती, पडत होती, आणि त्याला बरं वाटत होतं, लहानपणी ओढ्यात पोहताना वाटायचं तसं.

खण्ण!

“लागला! तात्या, मुरूम लागला!”

तो असा ओरडला की रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला. सोपानतात्या वाकले, वर आलेला पिवळट खडा अंगठ्यानं चोळून पाहिला.

“ह्योच त्यो. तुमच्या चर्चचा पाया माझ्या आज्यानं खणला. त्यो बी ह्याच मुरमावर हाय.”

स्तवनला हसू फुटलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तो खड्ड्यात उभा राहून हसत होता आणि डोळे वाहत होते.

मग काय विचारता! खांब उभा करायला दोन्ही बाजूंचे हात लागले. दुपारभर एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या बायांनी पाणी ओतलं, पोरांनी तात्यांच्या विहिरीवरून घमेल्यांनी मुरूम आणून भरला, तात्यांनी पहारेच्या बुडानं ठोकला.

“ओढ,” बाई म्हणाल्या.

स्तवननं ओढली. मग तो दोरीला लोंबकळलाच. पोरंही लोंबकळली. खांबानं हूं की चूं केलं नाही. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं, धोतर सावरलं आणि तेही एकदा लटकून पाहून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. आवार भरून गेलं होतं. शाळेची प्रभातफेरी दरवर्षी बाहेरूनच जायची, ती या खेपेला आत वळली. सोपानतात्या धुतलेला फेटा बांधून पहिल्या रांगेत होते. गुरुजींनी दोरीला झटका दिला, फुलं पडली, आणि झेंडा असा उलगडला की वरची कप्पी खडखडू लागली.

राष्ट्रगीत सुरू झालं. पुण्यात राष्ट्रगीताच्या वेळी स्तवन नेहमी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचा, आपण म्हणतोय की नाही ते कोण बघतंय. आज त्याला ते सुचलंच नाही. तो छाती भरभरून गायला, बेसूर गायला, शेवटच्या ओळीला तर शेजारची पोरं दचकली. ‘भारत माता की जय’ झालं, पाठोपाठ चर्चची घंटा झाली, आणि वारा अंगावर घेत खांब ताठ उभा राहिला. एवढा आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता.

जिलबी वाटून होत आली तेव्हा मोटारसायकलवरून पाळकसाहेब आले. त्यांच्याकडे चार गावं, त्यामुळे बोरविहीरला ते नेहमी शेवटी पोचायचे. कालच्या भांडणाची खबर त्यांना फोनवर लागली होती, पुढचं काही ठाऊक नव्हतं.

“काय रे स्तवन? शेवटी किती भरला तुझा खांब?”

स्तवन खांबाच्या बुडाशी बसून ओला मुरूम हातानं दाबत होता. त्यानं मान वर केली नाही.

“पाच फूट, साहेब.”

“पाच?”

पाळकसाहेबांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी जिलबी खाण्यात गर्क झाले.

मार्थाबाई काठी टेकत आल्या. त्यांनी स्तवनच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरोबर मोजलंस,” त्या म्हणाल्या. “आता वर बघ.”