बिनकामाचा इंजेक्टर

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात वीज गेली होती, मासळीच्या होड्या धक्क्याला लागल्या होत्या आणि म्हातारा डिझेल जनरेटर काळा धूर ओकत अडखळत होता. चेअरमन खोपकर पांढरे बूट सांभाळत लांबूनच गरजले, "चारातला कुठला इंजेक्टर बिघडलाय ते न खोलता सांग, चोगले! नाहीतर उद्यापासून घरी बस."

भिकाजी चोगले मिस्त्रीने पाना उचलला आणि चालत्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून त्याचं डिझेल तोडत गेला. पहिल्याला इंजिन लटपटलं, दुसऱ्यालाही लटपटलं. तिसऱ्याला मात्र ढिम्म फरक पडला नाही.

"हाच तो, साहेब. ज्याला बंद केल्याचं इंजिनाला कळतसुद्धा नाही, तो बिनकामाचा."

इंजेक्टर बदलल्यावर इंजिन सुतासारखं सरळ झालं. चेअरमनना भारी हुरूप आला. "झकास! आता हीच परीक्षा कामगारांची. एकेकाला पंधरा दिवस घरी बसवतो. ज्याच्यावाचून काही अडणार नाही, त्याला नारळ!"

भिकाजीने फडक्याला हात पुसले.

"पहिली परीक्षा झाली की, साहेब. गेल्या महिन्यात तुम्ही पंधरा दिवस सिंगापूरला होता, तर इथं बर्फाची एक लादी कमी निघाली नाही. नारळ मी आणू?"