धणे किती मिनिटं भाजायचे

“धणे किती मिनिटं भाजायचे, तेवढंच सांगा, बुवा.”

लहानूबुवा चुलीत काटकी सारत होते. गोदाकाठच्या त्या लहानशा मठात रांधणं त्यांच्याकडे असे. त्यांच्या हातच्या आमटीसाठी माणसं दोन-दोन कोसांवरून येत.

विचारणारे रंगनाथराव जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. मनगटावर घड्याळ, खिशात कागद.

“पस्तीस वर्षं जमीन मोजली. बोटभर चूक नाही माझी. इथं काय चुकतंय, तेच कळेना.”

“झालं काय?”

“इंदू जेवत नाही...” त्यांचा आवाज खाली आला. “तापातून उठली त्याला दोन महिने झाले. अन्नावर वासनाच नाही. तिच्याच वहीत बघून मसाला करतो. दोन घास खाते, ताट सारते. हाडं दिसायला लागलीत.”

त्यांच्या पत्नी इंदुताई बाहेर लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. मठाकडे पाठ करून.

“भाजून दाखवा,” बुवा म्हणाले.

रंगनाथराव उठले. आधी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“हे कशाला?”

“सवयच झाली. धूर जातो तिच्याकडे. आधीच जीव नाजूक. घरी खिडकीसुद्धा लावून घेतो.”

“दोन महिने?”

“एक दिवस चुकलो नाही.”

बुवांनी उठून दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावून ठेवला.

धणे कढईत पडले. रंगनाथरावांनी घड्याळात बघितलं.

थोड्या वेळानं धणे तडतडू लागले. वास उठला, चुलीभोवती जरा रेंगाळला आणि दारातून बाहेर गेला...

“अहो.” बाहेरून आवाज आला. “उतरवा आता.”

“अजून एक मिनिट आहे.”

“धणे काय तुमचं घड्याळ बघून भाजतात? उतरवा म्हणते ना.”

त्यांनी कढई उतरवली. बुवांनी दोन धणे दाताखाली धरले आणि मान डोलावली.

“आणि तापल्या कढईत लगेच जिरं टाकू नका. घरी तसंच करत असणार. तरीच कडू लागतं,” इंदुताई बाहेरूनच म्हणाल्या.

“वहीत नव्हतं लिहिलेलं,” रंगनाथराव पुटपुटले.

“ते काय लिहायचं असतं?”

चुलीतलं लाकूड चरचरलं. जिरं भाजून झालं.

“डाळ कुठली घालणार आहात हो, बुवा?”

रंगनाथराव उलथणं हातात धरून तसेच उभे राहिले. दोन महिन्यांत तिनं कशाची डाळ, कशाची भाजी, काही विचारलं नव्हतं. त्यांना हसू आलं. ते दाबायला गेले, तर ठसका लागला.

“तुरीची,” बुवा म्हणाले.

“हसताय काय तुम्ही? खोबऱ्याकडे लक्ष द्या. ते बघता बघता करपतं.”

रंगनाथरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. खोबऱ्याचा कीस हातात घेतला.

“बुवा, हे किती भाजू?”

बुवांनी दारातून बाहेर बघितलं. इंदुताई आता इकडे तोंड करून बसल्या होत्या. एक पाय खाली, चपलेत.

बुवांनी जाळ थोडा वाढवला. मग हळूच म्हणाले,

“जरासं करपू द्या.”