गुरांची पेज

"माझ्या राज्यात कुणीही उपाशी नाही," असं मकरंदराजा भर पंगतीत म्हणाला आणि उष्टी ताटं उचलणारी ठकूबाई फिसकन हसली.

राजाने कारण विचारलं. ठकूबाईने आधी सारवासारव केली. आपलं हसू जन्माचं वेंधळं आहे, स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही ते फुटलं होतं आणि सासू अजून ते विसरलेली नाही, असं तिने सांगितलं. पण राजा हटेना. शेवटी ती बोलून गेली, की खालच्या आळीत चूल दिवसाआड पेटते.

प्रधान म्हणाले, दवंडी पिटून विचारलं होतं, एकानेही हात वर केला नाही. ते खरंच होतं. राज्याची बदनामी करणाऱ्याला हद्दपारी होती, मग हात कोण वर करणार?

"उद्या दुपारपर्यंत मला उपाशी माणसं दाखव," राजा म्हणाला. "पण 'मी उपाशी आहे' असं एकाच्याही तोंडून निघता कामा नये. नाही जमलं, तर तू हद्दपार."

ठकूबाई मोरीवर परतली. देव अक्कल वाटत होता तेव्हा आपण नक्कीच भांडी घासत बसलो असणार, असं म्हणत ती स्वतःलाच बोल लावत राहिली. तेवढ्यात आचाऱ्याने घंगाळभर पेज मोरीत ओतली. ठकूबाईचा हात थांबला.

तिने दवंडीवाल्याला गाठलं. सकाळी गावभर दवंडी फिरली, की राजवाड्यातल्या भाताची पेज गुरांसाठी फुकट मिळेल.

मागच्या दाराशी ही लांबच लांब रांग लागली. विणकर आले, कुंभारणी आल्या, शाळेचे पंतोजीही आले. राजा जातीने येऊन एकेकाची चौकशी करू लागला. कुणी दोन म्हशी सांगितल्या, कुणी चार. पंतोजींनी तर बैलांची नावंसुद्धा सांगितली.

"बघ ठकूबाई," राजा खुशीत म्हणाला, "उपाशी कसले? हे तर गोठ्यांचे धनी."

ठकूबाईने पेजेशेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून ठेवली. पंतोजींनी हळूच विचारलं, एखादी फोड मिळेल का. त्यांच्यामागून सगळ्या रांगेने लोणच्यासाठी हात पुढे केले.

राजा चक्रावला. "गुरांना लोणचं?"

"राज्यच इतकं श्रीमंत, महाराज," ठकूबाई म्हणाली. "इथली म्हैस लोणच्याशिवाय पेजेला तोंड लावत नाही."

राजा त्या पुढे आलेल्या हातांकडे बघत राहिला आणि मग पोट धरून हसू लागला. "खरी म्हैस इथे एकच आहे," तो म्हणाला, "आणि तिने मुकुट घातलाय."

बदनामीबद्दलच्या हद्दपारीचा हुकूम तिथेच रद्द झाला. कोठाराच्या किल्ल्या ठकूबाईच्या कमरेला लागल्या. दुपारी मागच्या अंगणात पंगत बसली. राजा स्वतः वाढायला उतरला, पण त्याने जन्मात कधी भात वाढला नव्हता. पहिलं पान वाढताना अर्धा भात जमिनीवर सांडला, तेव्हा ठकूबाईने त्याच्या हातातला डाव काढून घेतला.