बासरीचा कुरतडलेला शेंडा

माणसांसारखीच वाद्यंही आपसांत सुखदुःख बोलायची, त्या काळची ही गोष्ट.

डोंगरावरच्या एका देवळात एक पेटी आणि 'काळी दोन' या सुराच्या पट्टीची एक बासरी होती. थंडीतल्या एका पहाटे, देवळात रोज बासरी वाजवणाऱ्या विसोबांनी तिच्यात फुंकर घातली, तर तिचा प्रत्येक स्वर पेटीपेक्षा उतरलेला. तिला खाली ठेवून विसोबा शेकोटीवर हात शेकायला गेले. बासरीने घाबरून पेटीला विचारलं,

"आता मला अडगळीत टाकणार! पेटीमावशी, मी वरच्या सप्तकात वाजले तर जुळेन का गं?"

"सप्तक बदललं तरी उतरलेला सूर उतरलेलाच राहतो, बाळ," पेटी म्हणाली. "तू नुसती गारठली आहेस. विसोबांच्या श्वासाची ऊब लागली की चढशील."

"आणि नाही चढले तर?" बासरीला दम धरवेना. तिने कोपऱ्यातल्या उंदराला गळ घातली, "उंदीरदादा, आखूड झालं की सूर चढतो म्हणे. माझा शेंडा थोडा कुरतड ना!"

उंदराला काय, दातांना कामच हवं होतं.

विसोबा परतले आणि वाजवू लागले. बासरी ऊबदार होत गेली, तसे तिचे स्वर एकेक करून पेटीशी जुळले. सगळी भोकं झाकल्यावर थेट शेंड्यातून निघणारा सर्वांत खालचा स्वर मात्र, शेंडा कुरतडल्यामुळे, आता चढा लागला. तो काही केल्या उतरेना.

विसोबांनी तिला टाकलं नाही. पण तो स्वर आला की ते दुसरी बासरी उचलत, आणि तेवढा वेळ ही त्यांच्या मांडीवर गप्प पडून राही.