गढीतली बरकतीची चूल

सुभेदार रंगोजीरावांनी रानावर पहारा बसवून सरपणाचा भाव दुप्पट केला. गावातल्या हौसाची पोरं रात्री सकाळचीच गार भाकरी खाऊन झोपू लागली. शेवटी हौसा आणि गावातल्या बायका भाव कमी करा म्हणून गढीवर गेल्या.

सुभेदार गरजले, "उधळ्या आहात! आमच्याकडे पन्नास पानं उठतात, तरी दिवसाला एकच मोळी लागते!"

हौसानं हात जोडले. "सरकार, शेजारणीच्या चुलीवर भाकरी भाजून घ्यायची आमच्यात रीतच आहे. एवढी बरकतीची चूल इथं असताना लाकडं कशाला विकत घ्यायची? उद्यापासून सारा गाव पीठ मळून इथंच येतो."

सुभेदारांच्या मागं अंघोळीचा बंब धडधडत होता, शेजारी लाकडांचा ढीग. साऱ्या नजरा तिकडे वळल्या.

सुभेदार खाकरले. "राहू द्या. जुनाच भाव!"

त्या संध्याकाळी हौसाची पोरं भाकरी फुंकून फुंकून खात होती.