न दिल्याचा दाखला

"तुझ्या बापानं पाच वर्षांत कुणाला काहीही दिलं नाही, असा दाखला आण. मगच सेवाघरात खाट!" कारभारी चिंतोपंतांनी विडा या गालातून त्या गालात सरकवला.

राही भडकली. "पंत, दिल्याचा दाखला घेणारा देईल. न दिल्याचा कुणी द्यायचा?"

"ते तू बघ. नियम महाराजांचा आहे."

झालं होतं असं, की काही लबाड म्हातारे जमीनजुमला पोरांच्या नावे करायचे आणि 'आम्ही कंगाल' म्हणत सरकारी सेवाघरात फुकट पथ्यपाणी खायचे. म्हणून रायभान राजानं ठरवलं: पाच वर्षांत ज्यानं कुणाला काही दिलं, त्याला खाट नाही. ज्यानं घेतलं, त्यानंच म्हातारा सांभाळावा! नियम करणाऱ्या राजाला आणि त्याच्या मंत्र्यांना दोन-दोन नोकरांनी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. पण नोकर हाताशी असले की म्हातारपण अवघड असतं, हे कशाला सुचतंय!

राहीचा बाप म्हादबा सणगर, घोंगड्या विणणारा. यंदा अर्धांगानं त्याची उजवी बाजू गेलेली. कुशीवर वळवायला दोघं लागत, आणि घरात राही एकटी. ती त्याच्यापाशी बसली की माग थांबे, माग थांबला की चूल थांबे. त्यात म्हातारा असा हेकट, की ती पाण्याला गेली रे गेली की उठायला बघे आणि धाडकन खाली पडे.

"आबा, नीट आठवा. पाच वर्षांत कुणाला काय दिलं?"

"शिव्या."

"त्या सोडून!"

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं राजाच्या गडाकडे बोट केलं. राही खळखळून हसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, दाखला काही मिळाला नाही. बापानं दिलंय. एकदा नाही, पाचदा!"

"कबूल केलंन्!" पंत खूश. "नाव खोडा!"

"खोडा की. पण मग घेणाऱ्यानं सांभाळायचं ना?"

"अर्थात!" राजा गरजला. "कोण तो निर्लज्ज? म्हाताऱ्याचं घेतो आणि त्याला वाऱ्यावर सोडतो? नाव सांग, फरफटत आणतो!"

"नको महाराज, तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. दर दसऱ्याला प्रत्येक कारागीर गडावर आपल्या हातची एक चीज आणतो. माझ्या बापानं पाच दसऱ्यांना पाच घोंगड्या आणल्या. घेतल्या तुम्ही!"

"अगं, तो नजराणा!" पंत तडतडले. "ते देणं नव्हे, तो आणावाच लागतो!"

"आणावाच लागतो? मग दवंडीवाला 'राजीखुशीची भेट' असं का ओरडतो? जबरदस्ती असेल तर तसं ओरडायला सांगा. येत्या दसऱ्याला बघू, कोण गड चढतंय!"

राजानं पंतांकडे पाहिलं. पंतांनी नवा विडा तोंडात कोंबला.

"पोरी," राजा हळूच म्हणाला, "असं आणखी किती म्हाताऱ्यांचं घेतलंय मी?"

"गावात कारागीर किती आहेत, महाराज?"

राजा असा हसला, की मुकुट कानावर आला. "पंत, अडकलो हो आपण! सणगराला आजच खाट, वैद्य आणि दोन सेवक द्या. साऱ्या कारागिरांना सेवाघर उघडं करा. आणि या पोरीला पन्नास मेंढ्या! म्हणजे लोकरीला तोटा नको!"

"देताय खरं," राही म्हणाली, "पण राजीखुशीनं ना? म्हणजे तुमच्या नियमानं आता तुम्हाला मीच सांभाळायचं!"