बियाण्याची माळ

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. राज्य डोंगरउताराचे, माती तांबडी, ऊन कडक. तिथे मिरची अशी पिकायची, की वाळत घातली म्हणजे गावेच्या गावे लाल दिसत. उन्हाळ्यात घरोघर मसाला कुटला जाई. उखळात मुसळ पडे, बायका नाकाला पदर लावून शिंकत, हसत आणि पुन्हा कुटू लागत. त्या राज्यात एक रीत होती. झाडावर पहिली जी मिरची पिकेल, तिच्या देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधला की ती खायची नाही, विकायची नाही, तिला मुसळ लावायचे नाही. अशा मिरच्यांची माळ करून आढ्याला टांगायची. तिला बियाण्याची माळ म्हणत, आणि पुढच्या सालची सगळी लागवड त्या माळेतून होई.

राजाला कुमुद्वती नावाची राणी होती. पुष्कळ नवसांनंतर तिची कूस उजवली, मुलगा झाला. मूल सहा महिन्यांचे झाले, उष्टावण ठरले. राजाने डोंगरापलीकडचे राजे जेवायला बोलावले. त्यांच्या पानात असा लाल रस्सा पडावा, की त्यांनी तो जन्मभर सांगावा, हे राजाच्या मनाने घेतले. सालाची सगळी मिरची कुटून झाली होती, पण रंग त्याच्या मनास येईना. तेव्हा त्याची नजर वर आढ्याकडे गेली.

"त्या माळा उतरवा," तो म्हणाला.

"स्वामी, ते बियाणे आहे," राणी म्हणाली.

"बियाणे घरोघर आहे. आपले गेले तर काय अडते?"

राजवाड्यातल्या माळा पुरल्या नाहीत. मग गावोगावच्या आणवल्या. हुकूमच आला, तेव्हा कोण नाही म्हणणार? आणि खरे सांगायचे तर प्रत्येक घराला वाटले, की शेजाऱ्याने एखादी माळ मागे ठेवली असेल. कुणीच ठेवली नव्हती.

पंगत बसली. पाहुणे वाहवा करू लागले. त्या पंगतीत धूम्रा नावाची एक जोगीण येऊन बसली होती. राजाच्या खापरपणजोबांना मिरचीचे पहिले बी हिनेच दिले होते. तेव्हाही ती म्हातारीच होती. तिने एक घास घेतला आणि पान पुढे सारले.

"राजा, या रश्श्यात बियाणे आहे."

राजाने मान खाली घातली.

"पुढे यायचे होते ते तू आजच खाल्लेस. ज्या मुलाच्या नावाने खाल्लेस, त्याचेही पुढे येणे थांबेल. हे मूल आहे एवढेच राहील."

राणीने जोगिणीचे पाय धरले. जोगिणीने तिला उठवले. मग म्हणाली, "कामे तीन आहेत आणि ती राजाने स्वतः करायची आहेत. बी आणावे. ते रुजवावे. तिसरे मी सांगणार नाही. त्याची वेळ आली की ते समोर येईल." एवढे बोलून ती उठून गेली.

मग पावसाळे आले आणि गेले. बाळ पाळण्यात हसे, मुठी चोखी, पण तसूभर वाढेना. त्याच्या वेळची मुले अंगणात धावू लागली, पुढे गुरांमागे जाऊ लागली. राणीच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. ती रोज बाळाला उंबऱ्याशी उभे करून पाही, आणि रोज त्याचे पाय लुळे पडत. राज्यभर लोक मिरचीवाचून सपक जेवत. उखळात कोळी जाळे विणत होते. राजाने देशोदेशी घोडेस्वार पाठवले, त्यांतला कुणी बी घेऊन परतला नाही. स्वतःच जायचे आहे, हे कळायला राजाला फार उशीर लागला. राजे लोकांचे असेच असते.

राजाच्या महालात पाचू नावाचा रावा होता. पिंजऱ्यात राहून तो म्हातारा झाला होता. एके सकाळी तो बोलला.

"महाराज, बी कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

"इतकी वर्षे बोलला का नाहीस?"

"आपण विचारले नाही. पिंजऱ्यातल्या पाखराला कोण विचारतो?"

राजाने पिंजऱ्याचे दार उघडले. पाचूला उडून जायचे असते तर तो गेला असता. तो राजाच्या खांद्यावर येऊन बसला, आणि दोघे डोंगराच्या वाटेला लागले.

डोंगराच्या पोटात एका यक्षाचे भांडार होते. जगात जे जे पहिल्यांदा पिकले, त्यातले एकेक तिथे ठेवलेले होते. पहिल्या भाताची लोंबी, पहिल्या आंब्याची कोय, आणि एका तबकात पहिली मिरची, अजून ओली आणि लाल. दाराशी राखेचे ढीग होते आणि यक्ष पहाऱ्याला बसला होता.

"हे काय?" राजाने विचारले.

"तुझ्याआधी आलेले लोक घेऊन निघाले ते," यक्ष म्हणाला. "हवे ते उचल. पण माणसाच्या मुठीतून, कपड्यातून किंवा भांड्यातून इथले काही बाहेर गेले, की त्याची राख होते. तसा शाप आहे."

राजा तबकापुढे उभा राहिला. इतक्या दूर येऊन रिकाम्या हाताने परतायचे, या विचाराने त्याला रडू आले, आणि तो यक्षासमोर रडला. तेवढ्यात पाचू तबकावर उतरला. पाखराला तिखट लागत नाही. त्याने ती मिरची देठासकट खाल्ली, चोच पुसली आणि दाराबाहेर उडून गेला. यक्षाने शापाचे शब्द मनात पुन्हा घोळवले. पाखराच्या पोटाविषयी त्यात काही नव्हते.

डोंगराखाली एका खडकावर पाचूने शीट टाकली. राजा गुडघे टेकून बसला आणि बोटांनी त्यातून बी वेचू लागला. तीन बिया धड निघाल्या.

"राजा, पहिले काम झाले," पाचू म्हणाला. महाराज म्हणणे त्याने सोडून दिले होते.

राजवाड्याच्या मागच्या अंगणात राजाने पहिले बी पेरले. दुसऱ्या दिवशी त्याने माती उकरून पाहिले. तिसऱ्या दिवशीही पाहिले. इतक्या वेळा उकरले, की कोवळा मोड त्याच्याच नखाने तुटला. दुसरे बी त्याने उकरले नाही, पण सकाळ-संध्याकाळ घागरीने पाणी घातले. ते कुजले.

"आता एकच उरले," राजा म्हणाला. "मी काय करू?"

"हुकूम करू नकोस," पाचू म्हणाला. "त्याला ऊब दे आणि तहान लागू दे."

राजाने ते बी ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला बांधले. दरबारात बसला तरी ते अंगाशी असे, निजला तरी अंगाशी. फडक्यातून पांढरा मोड डोकावला, तेव्हा त्याने करवंटीत शेणखत आणि माती कालवून तो अलगद ठेवला आणि बोटांच्या टोकांनी पाणी शिंपडले. मग वाट पाहिली. राजाला वाट पाहता येत नव्हती, ती तो तिथे शिकला. एके सकाळी मातीतून वाकलेली मान वर आली, आणि उन्हे चढेपर्यंत तिला दोन पाने फुटली.

रोप वाढले, राजाने ते जमिनीत लावले. पांढरी फुले लगडली. मग उलटे वारे सुटले आणि फुले गळू लागली. राजा शेला धरून आडोशाला उभा राहिला, तरी गळायची ती गळालीच. एक टिकले. त्याची एकच मिरची झाली. ती हिरवी होती, काळपट झाली, आणि एका दुपारी लाल झाली.

साऱ्या राज्याने ठरवून टाकले होते, की तिसरे काम म्हणजे मसाला कुटणे. राजालाही तसेच वाटत होते. राणीने उखळ धुऊन, पुसून ठेवले होते. बाळाला कडेवर घेऊन ती अंगणात आली.

"स्वामी, तोडा," ती म्हणाली.

राजाने मिरची तोडली आणि हातात घेऊन उभा राहिला.

"ही पहिली आहे," तो म्हणाला.

"आणि एकच आहे. बी काढून ठेवा, वरची साल कुटा."

"पहिलीला दोरा बांधायचा. दोरा बांधला की तिला मुसळ नाही. मागे मी हेच मोडले, देवी. पुढच्या साली पुष्कळ होतील, तेव्हा कुटू."

"पुढच्या साली?" राणी म्हणाली. "माझे हात थकले. मी गेल्यावर याला कोण उचलेल? आपण राज्याचा विचार करता, या एकाचा करा."

 तिचे खरे होते. राजाने बाळाकडे पाहिले. उखळ दोन पावलांवर होते.  मग त्याने शेल्याचा एक दोरा ओढून काढला, मिरचीच्या देठाला बांधला आणि ती पाळण्याच्या आडव्या दांडीला टांगली.

राणीने तोंड फिरवले. ती रडत होती. तिचे पाहून बाळही रडू लागले, तेव्हा त्याला गप्प करायला तिने आपले बोट त्याच्या तोंडात दिले. आणि तिचे रडे थांबले.

"स्वामी, इकडे या."

"काय झाले?"

"बोट घालून पाहा."

राजाने बोट घातले. बाळाच्या खालच्या हिरडीवर तांदळाएवढे काही टणक होते. बाळाने राजाचे बोट चावले.

दारात धूम्रा जोगीण उभी होती. कधी आली ते कुणी पाहिले नव्हते.

"तिसरे काम झाले," ती म्हणाली.

"पण मसाला कुटलाच नाही," राजा म्हणाला.

"कुट असे मी कधी म्हटले होते?" तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पुन्हा ती त्या राज्यात कुणाला दिसली नाही.

त्या एका मिरचीतले बी राजाने गावोगाव वाटले. कुठल्या गावाला एक आले, कुठल्या गावाला दोन. पुढच्या सालची मिरची पिकली, तेव्हा आधी दोरे बांधले गेले, माळा आढ्याला चढल्या, आणि मग उखळांतली कोळिष्टके निघाली. पाचू रोज अंगणात येऊन वाळवणातली मिरची उचली, आणि त्याला कुणी हुसकत नसे. राजवाड्यात मुसळ पडू लागले तसा एक मुलगा उंबरा धरून उभा राहिला, एक पाऊल टाकून उखळापाशी आला आणि जोरात शिंकला. राणी मुसळ खाली ठेवून हसली. पुष्कळ वर्षांनी हसली.

त्या घरचे अडले होते ते चालते झाले. ज्याचे ज्याचे जे अडले असेल, तेही असेच आपल्या पायांनी चालते होवो.